कंठाच्या खळगीखाली

"नक्की कुठे दुखतंय? एका बोटाने दाखवा," डॉक्टर म्हणाले. मी बोट घशावर ठेवलं. "आता खोकून बघा." खोकले, आणि बोट आपोआप खाली सरकलं. गळ्याच्या दोन हाडांमधल्या खळगीत आलं, तिथूनही खाली छातीच्या मधल्या हाडावर जाऊन थांबलं. फ्लूचा ताप उतरून तीन दिवस झाले होते. घशात खवखव नव्हती, गिळताना त्रास नव्हता. पण प्रत्येक खोकल्याला त्या हाडाच्या मागे कुणीतरी खरवडून काढावं तसं व्हायचं, आणि गार हवा आत घेतली की उघड्या जखमेवर वारा लागल्यासारखं झोंबायचं.

"हा घसा नाही," ते म्हणाले. "श्वासनलिकेला सूज आहे. ट्रॅकिआयटिस."

तोवर माझ्या लेखी हनुवटीखालचं सगळं म्हणजे 'घसा' आणि त्याच्या पलीकडे थेट 'छाती'. मधल्या नळीला स्वतःचं दुखणं असू शकतं हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या रात्री झोप येईना तेव्हा मी खळगीत बोट अलगद दाबून ठेवलं. कातडीखाली कडक, गोलसर उंचवटे लागले, एकाखाली एक. मोठ्या माणसाची श्वासनलिका 10 ते 12 सेंटीमीटर लांब असते, रुंदी जेमतेम 2 सेंटीमीटर. तिच्यात कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, 16 ते 20 कड्या असतात, म्हणून ती श्वास ओढताना चपटी होत नाही. या कड्या पुऱ्या गोल नसतात, मागच्या बाजूला उघड्या असतात. तिथे मऊ स्नायूचा पडदा असतो आणि त्याला लागूनच अन्ननलिका. खोकताना हा मागचा पडदा आत ढकलला जातो, नळी अरुंद होते आणि हवा जास्त वेगाने सुटते. माझं खरवडणं तिथेच चाललं होतं. प्राचीन ग्रीकांनी या नळीला 'खडबडीत' अशा अर्थाचं नाव दिलं, ते या कड्यांमुळे, आणि 'ट्रॅकिया' हा शब्द त्यातूनच आला. बाहेरून ती खडबडीत असेलही, पण आतलं अस्तर म्हणजे निव्वळ मखमल.

त्या मखमलीबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण श्वासनलिकेच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याची वाट तिच्यातून जाते.

अस्तरातल्या बहुतेक पेशींच्या डोक्यावर अतिसूक्ष्म केस असतात. त्यांना सिलिया म्हणतात. एका पेशीवर साधारण 200 केस. त्यांच्या मधेमधे चिकट द्रव पाझरवणाऱ्या पेशी असतात. म्हणजे तळाशी पातळ पाण्यासारखा थर, त्यात उभे केस, आणि केसांच्या टोकांवर तरंगणारी चिकट चादर. श्वासाबरोबर आलेली धूळ, परागकण, जंतू त्या चादरीला चिकटतात. केस सेकंदाला 10 ते 15 वेळा हलतात, शेतातल्या पिकावरून वाऱ्याची लाट जावी तसे, आणि चादर वरच्या दिशेने सरकवत नेतात. मिनिटाला अर्धा ते एक सेंटीमीटर. नळीच्या तळाशी पडलेला कण दहा ते वीस मिनिटांत स्वरयंत्राशी येतो, तिथून घशात, आणि आपण नकळत गिळून टाकतो. पोटातलं आम्ल पुढचं बघून घेतं. हे दिवसरात्र चालतं, झोपेतही. आपण खाकरतो किंवा खोकतो ते या झाडूला एकट्याने काम उरकेनासं होतं तेव्हा.

आता फ्लूचा विषाणू काय करतो ते पाहा. त्याला हव्या असतात नेमक्या याच केसांच्या पेशी. तो त्यांच्यात शिरतो, स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि पेशी मरून गळून पडतात. आजाराच्या ऐन जोरात श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीवर ठिकठिकाणी फक्त तळच्या पेशींचा पातळ थर उरतो. झाडू गेला, चादर फाटली, आणि खोकल्याची जाणीव करून देणाऱ्या नसा उघड्या पडल्या. मग हसलं तरी ढास लागते, फोनवर चार वाक्यं बोललं तरी उबळ येते, गरम खोलीतून गार खोलीत गेलं तरी पुन्हा तेच. सर्दीचे इतर विषाणूही थोड्याफार फरकाने याच वाटेने जातात. ताप चार दिवसांत उतरतो तो विषाणू आटोक्यात आला म्हणून. पण तळच्या पेशींमधून नवं अस्तर उगवायला आणि त्यावर नवे केस यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. माझा खोकला जंतूंचा राहिलाच नव्हता, तो दुरुस्तीचा खोकला होता. हे कळल्यावर तो कमी झाला नाही, पण माझी धास्ती कमी झाली.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण त्या तीन-चार आठवड्यांत माणसं धीर सोडतात. अशा खोकल्याचे सरासरी 18 दिवस भरतात, आणि आपल्याला वाटत असतं की आठवड्यात थांबायला हवा. दहाव्या दिवशी बेडका हिरवट दिसला की घाबरून अँटिबायोटिक मागितलं जातं. मीही मागितलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरव्या विकरामुळे (एन्झाइममुळे). लढाई चालू आहे एवढंच तो सांगतो, समोर विषाणू आहे की जिवाणू हे सांगत नाही. निरोगी माणसाच्या अशा दुखण्यात दहातल्या नऊ वेळा कारण विषाणूच असतो आणि अँटिबायोटिकचा त्याच्यावर काडीचाही उपयोग नसतो.

मग जिवाणू कधी येतात? झाडलोट बंद पडते तेव्हा. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस, हिमोफिलस ही मंडळी कित्येक निरोगी माणसांच्या नाकाघशात एरवीही राहत असतात. खाली उतरायला त्यांना वाव नसतो इतकंच. उघड्या पडलेल्या भिंतीवर ती सहज चिकटतात. 1918 च्या फ्लूच्या साथीत दगावलेल्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसांचे नमुने खूप वर्षांनी पुन्हा तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. विषाणूने दार मोडलं आणि आत शिरले दुसरेच. म्हणून ताप उतरून बरं वाटायला लागलं आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा ताप चढला, धाप लागली, तर मात्र थांबू नये. दुरुस्तीचा खोकला हळूहळू ओसरत जातो. उलट्या दिशेने निघालेला आजार वेगळा असतो.

एकदा हे ध्यानात आलं की बाकीची कारणं वेगळी पाठ करावी लागत नाहीत. 'कोणता जंतू' यापेक्षा 'झाडू कशाने बिघडला' हा प्रश्न आधी सुचतो. सिगारेटचा धूर केसांना सुन्न करतो, आणि वर्षानुवर्षं ओढली तर केसांच्या पेशींच्या जागी चपट्या, बिनकेसांच्या पेशी येतात, चिकट द्रव करणाऱ्या पेशी वाढतात. कचरा भरपूर, झाडणारं कुणी नाही. मग साफसफाईचं सगळं काम खोकल्यावर येऊन पडतं. माझ्या दादाने सिगारेट सोडली तेव्हा पहिले काही आठवडे त्याचा खोकला उलट वाढला. तो चिडून म्हणाला, "ओढत होतो तेच बरं होतं." ते केस पुन्हा कामाला लागल्याचं लक्षण असू शकतं, हे त्याला त्या वेळी सांगणारं कुणी भेटायला हवं होतं. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

रात्री आडवं पडल्यावर जठरातलं आम्ल वर येऊन थेंब थेंब चुकीच्या नळीत उतरतं, त्यानेही अस्तर पोळतं. आणि घरातली स्वच्छता. ब्लीच आणि फरशीचं आम्ल एकत्र ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. तो नाकातच पुरता विरघळून थांबत नाही, थेट श्वासनलिकेत आणि पुढे जातो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरी तसलाच विषारी वायू तयार होतो. माझ्या एका मावशीने बंद न्हाणीघरात हे मिश्रण केलं होतं. पाच मिनिटांत ती बाहेर आली ती छाती धरूनच, आणि पुढे दोन आठवडे तिला पायऱ्या चढवेनात. दोन बाटल्या कधीही एकत्र करू नका, एवढं या लेखातून कुणी घेतलं तरी मला पुरे आहे.

लहान मुलांची गोष्ट मात्र निराळी. तिथे झाडूच्याही आधी नळीची रुंदी आडवी येते.

माझी लेक दीड वर्षांची होती. दिवसभर साधी सर्दी, नाक गळत होतं, खेळत होती. रात्री एकच्या सुमाराला तिच्या पाळण्यातून आवाज आला. खरंच सांगते, मला आधी वाटलं खोलीत कुत्र्याचं पिल्लू शिरलंय. ती खोकत होती. आवाज घोगरा, भुंकल्यासारखा, आणि दोन खोकल्यांच्या मधे श्वास आत घेताना एक लांब, कर्कश, शिट्टीसारखा सूर. ती रडायला लागली की तो सूर वाढायचा. दिव्याच्या उजेडात तिची खळगी दिसली, तीच, गळ्याच्या हाडांमधली. प्रत्येक श्वासाला ती आत ओढली जात होती, बोटाने दाबल्यासारखी. पोट उडत होतं. मी तिला उभी धरून जीव मुठीत घेऊन दवाखान्यात पोचले.

याला क्रूप म्हणतात. बहुतेक वेळा कारण पॅराइन्फ्लुएंझा नावाचा विषाणू, विशेषतः त्याचा पहिला प्रकार. वय साधारण सहा महिने ते तीन वर्षं. सूज येते ती स्वरयंत्राच्या लगेच खाली, आणि तिथली कूर्चेची कडी मात्र पुरी गोल असते, मागूनही बंद. सुजेला बाहेरच्या बाजूला फुगायला जागाच नाही, ती आतच येते. समजा तिथली वाट 4 मिलिमीटर रुंद आहे आणि चहूकडून 1 मिलिमीटर सूज आली. वाट उरली 2 मिलिमीटर. मोकळी जागा एक चतुर्थांश झाली. संथ वाहणाऱ्या हवेला होणारा रोध, त्रिज्या जितक्या पटीने घटते त्या पटीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दुप्पट नाही, चौपट नाही, 16 पट. तेवढीच सूज मोठ्या माणसाच्या 16 मिलिमीटरच्या नळीत आली तर रोध दुपटीनेही वाढत नाही, आवाज बसतो इतकंच. ज्या विषाणूने मला आठवडाभर घोगरं बोलायला लावलं असतं, त्याच विषाणूने ते लेकरू श्वासासाठी झगडत होतं. रडलं की हवा जोराने ओढली जाते आणि अरुंद वाट आणखी मिटते. म्हणून तिथल्या डॉक्टर पहिलं वाक्य बोलल्या ते मला उद्देशून होतं, "तिला तुमच्या मांडीवरच राहू दे, कुणी तिला रडवू नका." स्टिरॉइडच्या औषधाचा एकच डोस तिला तोंडावाटे दिला आणि तोंडापाशी अॅड्रिनलिनचा फवारा धरला. अर्ध्या तासात शिट्टी थांबली. पण फवाऱ्याचा असर तास-दोन तासांतच सरतो, स्टिरॉइडचा परिणाम व्हायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी आम्हाला लगेच घरी सोडलं नाही. माझ्या जिवात जीव आला तो पहाटे, ती खांद्यावर गाढ झोपली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने मला विचारलं, "वाफ दिलीस का?" वाफेने क्रूपची सूज उतरते याला पुरावा मिळालेला नाही, आणि उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मात्र दवाखान्यांत येत राहतात.

त्या पहाटे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं की फवाऱ्याला दाद न देणारं, चढता ताप असलेलं, मलूल झालेलं मूल म्हणजे वेगळंच प्रकरण. तो जिवाणूंचा ट्रॅकिआयटिस. विरळा, पण भयंकर. 1979 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून त्याचं नव्याने वर्णन झालं. विषाणूने सोललेल्या अस्तरावर बहुधा स्टॅफिलोकोकस वाढतो, पू आणि मेलेल्या अस्तराचे जाड पापुद्रे तयार होतात आणि वाट बुजवतात. अशा मुलाला बहुतेकदा श्वासनळीत ट्यूब घालावी लागते. तोंडातून लाळ गळते आहे, गिळवत नाही, ओठ निळसर झालेत, शांत बसलेलं असतानाही श्वासाला शिट्टी वाजते, यातलं काहीही दिसलं तर घरी सकाळची वाट पाहायची नसते.

पूर्वी घराघरांतली मुलं न्यायचा तो घटसर्पही याच जागेचा. त्याचा जिवाणू वरवरच बसतो, पण त्याचं विष पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. मेलेल्या पेशींचा करडा पडदा घशातून श्वासनलिकेत उतरत जातो आणि ओढायला गेलं तर रक्त येतं. ते विष निष्प्रभ करणाऱ्या रक्तद्रवाच्या उपचारासाठी एमिल फॉन बेहरिंग यांना 1901 चं, म्हणजे वैद्यकशास्त्राचं पहिलंच नोबेल मिळालं. पण पेशीत शिरलेलं विष तो रक्तद्रवही बाहेर काढू शकत नाही. म्हणून खरी राखण लसच करते. त्याच त्रिगुणी लशीतला दुसरा रोग डांग्या खोकला. त्याचा जिवाणू, बोर्डेटेला, सिलियांनाच येऊन चिकटतो, आणि त्याच्या एका विषाच्या नावातच श्वासनलिका आहे. ते केसांच्या पेशी मारतं. उबळी सुरू झाल्यावर दिलेल्या अँटिबायोटिकने जंतू मरतात, दुसऱ्याला लागण होणं थांबतं, पण खोकला आठवडेच्या आठवडे चालतो. पुन्हा तेच. चोर निघून गेला, मोडलेलं दार बसवायचं बाकी.

हे सगळं मी तुकड्या-तुकड्यांनी शिकले होते. पण श्वासनलिका प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आली ती आईच्या आजारपणात.

पक्षाघातानंतर आई दोन आठवडे व्हेंटिलेटरवर होती. मग ट्रॅकिओस्टॉमी झाली, म्हणजे त्याच खळगीच्या थोडं वर, कड्यांच्या मधून भोक पाडून ट्यूब बसवली. पुढे मशीन निघालं, ट्यूब राहिली, आणि तिला घरी आणलं. नाकातून जाणारी हवा वाटेतच गरम आणि ओलसर होते, फुप्फुसांच्या तोंडाशी पोचेस्तोवर ती शरीराच्या तापमानाची आणि पूर्ण दमट झालेली असते. ट्यूबमधून हवा कोरडीच आत शिरते. चिकट चादर वाळते, केस अडकून पडतात, कफाचे खडे होतात. ट्यूबच्या तोंडावर ओलावा धरून ठेवणारं छोटं फिल्टर लावायचं असतं, त्याला कृत्रिम नाक म्हणतात. आम्हाला रुग्णालयातून सोडताना ते कुणीही सांगितलं नाही. सहाव्या दिवशी आईला ताप आला. ट्यूबमधून जाड, पिवळा, वासाचा स्राव येऊ लागला. श्वासनलिकेला जंतुसंसर्ग झाला होता. एका चिमुकल्या फिल्टरची गोष्ट आहे, पण त्या रात्रीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मग घरी एक नर्स येऊ लागल्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. त्यांनी मला सक्शन, म्हणजे ट्यूबमध्ये बारीक नळी घालून कफ ओढून काढणं, शिकवलं. हात धुवायचे, हातमोजे घालायचे. नळी ट्यूबच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जाड नको. आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू. एका वेळी 10 ते 15 सेकंद, त्याहून जास्त नाही. "घड्याळ बघू नका," ताई म्हणाल्या, "नळी आत जाताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला हवा लागली की आईंनाही लागली." मी तसंच करायचे. माझी छाती भरून यायची, आईचे डोळे माझ्यावर खिळलेले असायचे, आणि मी हात आवरता घ्यायचे. जास्त खोल, जास्त वेळा ओढलं तर अस्तर सोलवटतं, रक्ताची रेघ येते, आणि त्याच जागी पुढचे जंतू बसतात. सूज येण्याचं एक कारण आपले काळजी घेणारे हातच असू शकतात, हे मला त्या रेघेने शिकवलं.

ट्यूबभोवती आतून एक फुगा असतो, लाळ खाली उतरू नये म्हणून. त्यातला दाब 20 ते 30 सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकाच ठेवायचा. त्याहून जास्त झाला तर अस्तराच्या केशवाहिन्या दाबल्या जातात, तिथलं रक्त थांबतं, जखम होते आणि ती भरताना श्वासनलिका आवळते. कमी झाला तर तोंडातली लाळ झिरपते. म्हणून ताई आईचे दात आणि जीभ दिवसातून दोनदा साफ करायला लावायच्या, उशाकडची बाजू उंच ठेवायला लावायच्या. खाली जाणारे जंतू बहुतेक तोंडातलेच असतात. कफातले जंतू वाढवून तपासलेल्या कल्चर रिपोर्टमध्ये स्यूडोमोनास हे जिवाणूचं नाव वाचून मी हबकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ट्यूबवर जंतू राहणारच. कागद बाजूला ठेवा आणि आईंकडे बघा. ताप आहे का, कफ वाढलाय का, रंग-वास बदललाय का, ऑक्सिजन उतरतोय का?" यातलं काहीच नव्हतं. त्या वेळी औषध द्यावं लागलं नाही.

अडीच महिन्यांनी आईची ट्यूब काढली. भोकावर घडी केलेलं गॉज आणि चिकटपट्टी. ते आपोआप मिटत जातं, पण तोवर बोलताना आणि खोकताना बोटाने दाबून धरावं लागतं, नाहीतर हवा तिथूनच निसटते. आईला ते सुचेना. तिला खोकला आला की पट्टीखालून फुस्स आवाज यायचा आणि ती थकून माझ्याकडे पाहायची. मी तिचा हात धरून तिचं मधलं बोट पट्टीवर ठेवलं. "दाब. आता खोक." तिने दाबलं. पहिला खोकला वायाच गेला, दुसरा अर्धवट झाला. तिसऱ्याला आतून खरखर वर आली, स्वरयंत्रापर्यंत, तोंडापर्यंत, आणि तिने कागदाच्या रुमालात कफ थुंकला, स्वतःच्या जोरावर. बोट तसंच दाबून ठेवून ती म्हणाली, "पाणी दे."